दांदोलो म्हणजे नेमका कोणता? एक आडनाव, चार दोजे आणि बऱ्याच फसव्या जागा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: व्हेनिसवर मराठीत लेखमाला लिहिताना ‘दांदोलो’ हे नाव १२०४, १२८४, १२९८, १३४८, १८०६ आणि १८४९ अशा सहा सालांत भेटलं. हे एकच राजघराणं का, त्याची वंशावळ कशी लावायची, नाव मराठीत कसं लिहायचं, आणि आजीच्या पुतळीमाळेतल्या एखाद्या पुतळीवर या दांदोलोचं नाव असू शकतं का?

हे वाचून वंशावळ हवी असं वाटतं, पण तुमची खरी अडचण ओळख पटवण्याची आहे. एका वाक्यातला ‘दांदोलो’ कोण, हे ठरवायला घराण्याचा अख्खा वृक्ष लागत नाही. पहिलं नाव, महिन्यासकट साल, हुद्दा आणि जमलं तर बापाचं नाव, एवढ्यावर काम भागतं. उलट वृक्ष आधी काढला आणि माणसं त्यात मागाहून बसवली, तर चुका हमखास होतात, कारण तुमच्या सहा सालांतली शेवटची दोन माणसं त्या झाडावरची नाहीतच.

आधी ‘राजघराणं’ हा शब्द खोडा. व्हेनिसचा दोजे, म्हणजे तिथल्या प्रजासत्ताकाचा प्रमुख, तहहयात असे, पण तो निवडून येई. मुलाला सह-दोजे करून गादी घरात ठेवायची जुनी युक्ती १०३२ मध्येच बंद झाली. १२६८ पासून तर निवडणूक इतकी गुंतागुंतीची केली की कुणा एका घराला ती आपल्याकडे वळवताच येऊ नये. महापरिषदेतून, म्हणजे सरदारांच्या मोठ्या सभेतून, चिठ्ठ्या टाकून ३० जण काढायचे, त्यांतून पुन्हा चिठ्ठीने ९, ते ९ जण ४० निवडणार, त्यांतून चिठ्ठीने १२, ते निवडणार २५, त्यांतून चिठ्ठीने ९, ते निवडणार ४५, त्यांतून चिठ्ठीने ११, ते निवडणार ४१, आणि हे ४१ जण दोजे ठरवणार. त्यालाही किमान २५ मतं हवीत. म्हणून ‘दांदोलो वंशाची सत्ता’ किंवा ‘दांदोलोनंतर त्याचा मुलगा गादीवर आला’ अशी वाक्यं दिसली की समजावं, लिहिणाऱ्याने आपल्याकडची गादी तिकडे नेऊन ठेवली आहे.

आता चार दोजे. एन्रिको (११९२–१२०५), जोव्हान्नी (१२८०–१२८९), फ्रान्चेस्को (१३२९–१३३९) आणि आंद्रेआ (१३४३–१३५४). पहिल्या दोघांच्या मध्ये ७५ वर्षं, पुढे ४० वर्षं, आणि फ्रान्चेस्को-आंद्रेआ यांच्या मध्येही बार्तोलोमेओ ग्रादेनिगो नावाचा वेगळाच दोजे होता. आंद्रेआनंतर १७९७ मध्ये प्रजासत्ताक बुडेपर्यंत एकही दांदोलो दोजे झाला नाही. लागोपाठ आलेले एकाच आडनावाचे दोजे हवे असतील तर बार्बारिगो पाहा: मार्को १४८६ मध्ये गेला आणि त्याच वर्षी भाऊ आगोस्तिनो निवडून आला. ते अपवाद आहेत.

एन्रिको ओळखायला सोपा. निवडून आला तेव्हा खूप म्हातारा, डोळ्यांनी जवळजवळ आंधळा, आणि चौथ्या धर्मयुद्धात स्वतः जहाजावर चढलेला. १२०१ च्या करारात ८५,००० मार्क चांदीच्या बदल्यात ३३,५०० माणसं वाहून न्यायची ठरली होती. आली त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास, ३४,००० मार्क थकले, आणि त्या थकबाकीतून आधी झारा या शहराची आणि मग १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलची लूट असा प्रवास झाला. तो १२०५ मध्ये तिथेच वारला. आया सोफियाच्या वरच्या सज्जात त्याच्या नावाची जी दगडी पाटी दाखवतात ती एकोणिसाव्या शतकातली आहे. फोटो वापरणार असाल तर खाली ‘एन्रिको दांदोलोची समाधी’ असं सरळ लिहू नका.

आंद्रेआ अगदी उलट: छत्तिशीत दोजे झालेला कायदेपंडित, कवी पेत्रार्काशी पत्रव्यवहार असलेला. १३४८ चा प्लेग आणि जेनोआशी युद्ध त्याच्या वाट्याला आलं. सान मार्कोच्या चर्चमध्ये पुरलेला तो शेवटचा दोजे. आणि इथे एक खास सापळा आहे. आंद्रेआने व्हेनिसचा इतिहास लिहिला, जो १२८० पर्यंत येतो, म्हणजे त्यात एन्रिकोही येतो. त्यामुळे संदर्भग्रंथांत ‘दांदोलोच्या मते’ असं दिसलं की बोलणारा आंद्रेआ असतो आणि ज्याच्याबद्दल बोलतोय तो एन्रिको. मराठीत दोन्हीकडे नुसतं ‘दांदोलो’ ठेवलं तर वाचकाला वाटतं, म्हातारा स्वतःची कहाणी सांगतोय. शिवाय आपल्याच आडनावाच्या वीराबद्दल दीडशे वर्षांनी लिहिणारा दोजे, हे वाचकाला कळायला हवं. त्या मजकुराकडे बघण्याची नजरच त्याने बदलते.

फ्रान्चेस्कोला ‘काने’, म्हणजे कुत्रा, असं टोपणनाव होतं. व्हेनिसवरचा बहिष्कार उठवावा म्हणून पोपपुढे गळ्यात साखळी घालून मेजाखाली पडून राहिला, ही त्यामागची गोष्ट आख्यायिका म्हणूनच द्या. जोव्हान्नीबद्दल लोक फारसं लिहीत नाहीत, पण आपल्यासाठी तोच महत्त्वाचा. त्याच्याकडे शेवटी येतो.

तुमचं १२९८ साल मात्र दोजेचं नाही. त्या वर्षी ८ सप्टेंबरला कोर्चुला बेटाजवळ जेनोआने व्हेनिसचं आरमार बुडवलं. व्हेनिसचा सेनापती होता आंद्रेआ दांदोलो. हा पकडला गेला आणि कैदेतच मेला. दोजे आंद्रेआ जन्मला १३०६ मध्ये. मरण आधीचं आणि जन्म नंतरचा, तरी दोघांची सरमिसळ झालेली दिसते, कारण नाव आणि आडनाव दोन्ही सारखं. एन्रिकोचंही तेच. दोजे एन्रिकोचा सख्खा काका एन्रिको दांदोलो हा बाराव्या शतकात ग्रादोचा पेट्रिआर्क, म्हणजे त्या भागातला सर्वोच्च धर्माधिकारी होता, आणि त्या पदावर तो पन्नासेक वर्षं टिकला. ११४० च्या दशकातल्या एखाद्या वादात ‘एन्रिको दांदोलो’ दिसला तर तो काका समजा. घरात ठरावीक नावं फिरत राहणं तिथे नेहमीचं होतं. दोजे आंद्रेआच्या बापाचं नाव फान्तिनो, आणि १४५९ मध्ये वारलेला पादुआचा बिशपही फान्तिनो दांदोलोच. म्हणून नुसत्या पहिल्या नावावरही विसंबू नका. नाव आणि साल ही जोडी हवी.

साल म्हटलं की महिना पाहणं आलं. व्हेनिसचं सरकारी वर्ष १ मार्चला सुरू होई. जुन्या कागदात जानेवारी-फेब्रुवारीची तारीख असेल तर साल एकाने वाढवायचं. तारखेपुढे बहुधा ‘एम. व्ही.’ अशी खूण असते, म्हणजे ‘व्हेनिसच्या रीतीने’. शकाचं इसवी सन करताना पौषाच्या आसपास ७८ मिळवायचे की ७९ असा जो घोळ आपल्याकडे होतो, तोच हा. दांदोलोंच्या बाबतीत तो नेमका आडवा येतो, कारण फ्रान्चेस्को आणि आंद्रेआ दोघेही जानेवारीत निवडून आले. म्हणून एका पुस्तकात १३२८ आणि १३४२, तर दुसऱ्यात १३२९ आणि १३४३ दिसतं. दोन्ही बरोबर आहेत. लेखमालेत आजची पद्धत धरा आणि सुरुवातीलाच तसं एका ओळीत सांगून टाका.

जुन्या नोंदीचा एक नमुना घेऊ. ओळ मी फक्त समजावण्यासाठी जुळवली आहे: ‘सेर झुआने दांदोलो क्. सेर मार्को, सान लुका, २० झेनेर १३४२ एम. व्ही.’ ‘सेर’ म्हणजे आपल्या ‘श्रीयुत’सारखा मान. झुआने हे जोव्हान्नीचं व्हेनिसच्या बोलीतलं रूप. ‘क्.’ म्हणजे ‘क्वोन्दाम’, आपलं ‘कै.’: बाप मार्को त्या तारखेला हयात नव्हता. सान लुका हा पॅरिश, म्हणजे मोहल्ला. एकाच आडनावाच्या शाखा तिथे अशा मोहल्ल्यावरून ओळखत, आणि एन्रिकोचं घर याच सान लुकात होतं. झेनेर म्हणजे जानेवारी, तेव्हा तारीख झाली २० जानेवारी १३४३. आता हा दोजे जोव्हान्नी असू शकतो का? नाही. तो १२८९ मध्ये वारला, आणि दोजेला कुणी नुसतं ‘सेर’ म्हणत नसे. हा घराण्यातला कुणीतरी साधा सरदार. अशी एक ओळ फोडायला दहा मिनिटं लागतात, पण ती फोडल्याशिवाय माणूस वंशावळीत बसवू नका. ‘क्.’ ची खूण फुकट मिळालेला पुरावा आहे: पुढच्या कागदात तोच मार्को जिवंत दिसला तर तो वेगळा मार्को.

बोलीतली रूपं जवळ लिहून ठेवा. झोर्झी म्हणजे जोर्जो, आंझोलो म्हणजे आंजेलो, पोलो म्हणजे पाओलो, आल्व्हिसे म्हणजे लुईजी किंवा लुदोव्हिको, आर्रिगो म्हणजे एन्रिको. लॅटिन कागदात एन्रिकोचा हेन्रिकुस होतो आणि आडनावाचं दांदुलो. इंग्रजी पुस्तकं कधी त्याला हेन्री करतात. हे सगळे एकाच माणसाचे वेष आहेत. मराठीत एकच रूप पक्कं करावं.

दोजेच्या लांबलचक पदवीचाही काळ ठरवायला उपयोग होतो. कॉन्स्टँटिनोपल घेतल्यावर त्यात ‘रोमानियाच्या साऱ्या साम्राज्याच्या पाव आणि अदपाव हिश्श्याचा स्वामी’ हे शब्द शिरले. इथला ‘रोमानिया’ म्हणजे बायझंटाइन साम्राज्य, आजचा देश नव्हे. पाव अधिक अदपाव, म्हणजे तीन अष्टमांश. अशी मापं मराठी कानाला लगेच कळतात, तेव्हा दशांशात करू नका. हे शब्द १३५८ पर्यंत चालले. ते असले की कागद त्या मधल्या दीडशे वर्षांतला इतकंच कळतं. कोणता दांदोलो ते पहिल्या नावावरूनच ठरवावं लागतं.

बायकांच्या बाबतीत आपला नेहमीचा अंदाज उलटा पडतो. दोजे पास्क्वाले मालिपिएरोची (१४५७–१४६२) बायको जोव्हान्ना दांदोलो आणि दोजे लोरेन्झो प्रिउलीची (१५५६–१५५९) बायको झिलिया दांदोलो. ही माहेरची आडनावं. ‘दोजेची पत्नी झिलिया दांदोलो’ वाचून नवरा दांदोलो होता असं धरलं, तर चारांचे पाच दोजे होतात. १५०६ पासून सरदारांच्या मुलांचे जन्म आणि १५२६ पासून लग्नं सरकारी वहीत नोंदवायला लागले. त्यानंतरची नाती बरीच ठामपणे लावता येतात. त्याआधीची ‘बहुधा’ म्हणूनच लिहावीत. चार दोज्यांचं एकमेकांशी नेमकं नातं काय, यावर तुमच्या लेखात एक वाक्य पुरे: एकाच मोठ्या, शाखांत पसरलेल्या घराण्यातले. बाणांची आकृती काढू नका.

आता १८०६ आणि १८४९. व्हिन्चेन्झो दांदोलो (१७५८–१८१९) हा रसायनशास्त्रज्ञ. फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हुआझिएचं नवं रसायनशास्त्र इटालियनमध्ये आणणाऱ्यांपैकी एक. नेपोलियनच्या राज्यात १८०६ ते १८०९ तो एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दाल्मातियाचा कारभारी होता, पुढे रेशमाच्या किड्यांवरच्या कामासाठी नावाजला. जन्म व्हेनिसचा आणि आडनाव दांदोलो, पण दोज्यांशी रक्ताचा संबंध नाही. घर मुळात ज्यू होतं. बाप्तिस्मा घेताना पाठीराख्या सरदाराचं आडनाव घ्यायचं, या तिथल्या रिवाजाने ते आडनाव आलं. त्याचे नातू एन्रिको आणि एमिलियो १८४८ मध्ये मिलानच्या उठावात आणि १८४९ मध्ये रोमच्या बचावात लढले. एन्रिको ३ जून १८४९ रोजी रोममध्ये व्हिला कोर्सिनीपाशी पडला, बाविसाव्या वर्षाच्या आत. एमिलियो वाचला. १८५९ मध्ये मिलानमध्ये त्याची अंत्ययात्रा निघाली ती ऑस्ट्रियाविरोधी मोर्चाच झाली. त्याच शतकात खऱ्या सरदार घराण्यातला सिल्व्हेस्त्रो दांदोलो ऑस्ट्रियाच्याच आरमारात अॅडमिरल होता. आडनावावरून निष्ठा ठरवणाऱ्यांसाठी ही जोडी पुरेशी आहे.

हा प्रकार एकट्या दांदोलोंचा नाही. व्हेनिसचा शेवटचा दोजे लुदोव्हिको मानीन, १२ मे १७९७ रोजी नेपोलियनपुढे राज्य विसर्जित करणारा. आणि १८४८-४९ मध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध उभं राहिलेल्या व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा अध्यक्ष दानिएले मानीन. एकाने बुडवलं ते दुसऱ्याने सतरा महिने उभं केलं, आणि वाचकाला वाटतं नातवाने आजोबाचं पाप फेडलं. गोष्ट छान आहे, पण नातं नाही. दानिएलेच्या आजोबांचं मूळ आडनाव मेदिना. धर्मांतराच्या वेळी मानीन घराण्याचं नाव मिळालं. (‘मानीन’ हे मराठीत क्रियापदासारखं वाचलं जातं, म्हणून मी या माणसांची पहिली नावं कधीच गाळत नाही.)

उच्चाराचं म्हणाल तर इटालियन ‘द’ दातांवरचा, आपल्या ‘दार’मधला. म्हणून दांदोलो. ‘डँडोलो’ किंवा ‘डांडोलो’ हा इंग्रजीतून आलेला फेरा. जोर पहिल्या अक्षरावर. ‘दोजे’ हा शब्द लॅटिन ‘दुक्स’वरून, म्हणजे पुढारी. ‘डोज’ लिहिलंत तर पोलिओच्या लसीची आठवण होते, तेव्हा ‘दोजे’च बरं. दर लेखात पहिल्या उल्लेखाला नाव, आडनाव आणि कंसात पदाची सालं द्या, पुढे पहिल्या नावाने चालवा: ‘एन्रिकोने’, ‘आंद्रेआला’. दोन दांदोलो एकाच परिच्छेदात आले तर आडनाव पूर्ण टाळा. सूचीत नोंद ‘दांदोलो, आंद्रेआ (दोजे, १३४३–१३५४)’ आणि तिच्याखाली वेगळी ‘दांदोलो, आंद्रेआ (सेनापती, मृ. १२९८)’ अशी हवी. ‘दांदोलो’ या नावाचं इटालियन नौदलाचं चिलखती जहाजही १८७८ मध्ये पाण्यात उतरलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘दांदोलो बंदरात आला’ असं दिसलं तर तो दोजे नसून जहाज आहे.

राहिली पुतळी. १२८४ मध्ये, जोव्हान्नी दांदोलोच्या कारकिर्दीत, व्हेनिसने दुकात हे सोन्याचं नाणं पाडायचं ठरवलं. वजन साधारण साडेतीन ग्रॅम, म्हणजे एका तोळ्यात सव्वातीनपेक्षा थोडी जास्त नाणी, आणि सोनं त्या काळच्या हातांना जमेल तितकं शुद्ध. पाचशे वर्षं वजन, कस आणि चित्र जवळजवळ तेच राहिलं, म्हणून पूर्वेकडच्या व्यापारात ते डोळे मिटून घेत. मराठी मुलखात त्याच्यावरच्या माणसांच्या आकृतींमुळे त्याला ‘पुतळी’ म्हणू लागले, आणि माळ त्यावरून आली.

नाव वाचायचं असेल तर भिंग घ्या आणि उजेड बाजूने, तिरपा पडू द्या. एका बाजूला उभा संत मार्क, त्याच्यापुढे गुडघे टेकलेला दोजे, दोघांच्या मध्ये निशाणाची काठी. काठीला लागून एकाखाली एक डी, व्ही, एक्स ही रोमन अक्षरं, म्हणजे दुक्स. संताच्या बाजूची ओळ सर्व नाण्यांवर सारखीच, सान मार्कोच्या नावाची, ती सोडा. दोजेच्या पाठीमागून काठावर गेलेली ओळ वाचा. तिथे आधी पहिल्या नावाचं संक्षिप्त रूप, मग आडनाव. ‘यू’च्या जागी ‘व्ही’ असतो. आय-ओ असलं तर जोव्हान्नी, एफ-आर-ए असलं तर फ्रान्चेस्को, ए-एन-डी-आर असलं तर आंद्रेआ, आणि पुढे दांदुलो. एन्रिको दुकातावर सापडणार नाही. त्याच्या काळात सोन्याचं नाणं नव्हतं, त्याचं नाव एच या अक्षराने ग्रोस्सो या चांदीच्या नाण्यावर येतं.

पण आशा बेताची ठेवा. माळेत खरं दुकात असलंच तर ते बहुधा सतराव्या-अठराव्या शतकातलं असतं. ए-एल-ओ-वाय आणि पुढे मोचेनीगो वाचता आलं, तर तो आल्व्हिसे मोचेनीगो. त्या घराण्यात सात दोजे झाले आणि त्यांतले चार आल्व्हिसेच, म्हणजे तुमचा मूळ प्रश्न पुन्हा पहिल्यापासून. हिंदुस्थानात पाडलेल्या नकला तर पुष्कळ. त्यांवर आकृत्या बऱ्या असतात, पण अक्षरांची जागा नुसत्या उभ्या-आडव्या रेघांनी भरलेली असते, कारण पाडणाऱ्याला ती वाचता येत नव्हती. वजन करताना वर डाख देऊन लावलेली कडी विसरू नका, ती अर्धा-पाऊण ग्रॅम सहज खाते. आणि वाचता येत नाही म्हणून ब्रशने घासू नका. शुद्ध सोनं मऊ असतं, आधी झिजतात ती काठावरची अक्षरंच.

बाजूने उजेड देऊन दोन्ही बाजूंचे फोटो आणि कडीसकट वजन इथे टाका, म्हणजे काठावरचं नाव लावून पाहता येईल.